एका चाकाला तेल

आक्काच्या घरात कुरकुर करणारी एकच वस्तू होती, ती म्हणजे आक्का. बाकी दाराच्या बिजागऱ्या, खिडक्यांच्या कड्या, कात्र्या, छत्रीच्या काड्या, सगळं कसं गुपचूप चालायचं. चाळीस वर्षं पायमशीनवर तिने अख्ख्या वस्तीचे कपडे शिवले आणि दर शनिवारी न चुकता मशीनला तेल पाजलं. शाळा तिसरीत सुटली, पण लोखंडाचं काय दुखतं ते तिला कळायचं. लांब चोचीची तेलाची डबी आणि एक जुनं फडकं, एवढ्यावर तिने घराला वळण लावलं होतं. माणसांना मात्र ती तेल लावायला जात नसे. माणसांना ती खरवडून काढत असे.

अशी ही आक्का कुणाला भीत नाही, असं वस्तीत सगळे म्हणायचे. खोटं होतं ते. तिला उताराची भीती वाटायची.

वस्ती टेकडीच्या माथ्यावर. पाण्याच्या टाकीपर्यंत रस्ता सरळ, आणि तिथून तो जो खाली सुटायचा तो तीन वळणं घेत थेट शहरात. एका अंगाला टेकडीचा कापलेला काळा दगड, दुसऱ्या अंगाला गुडघ्याएवढा कठडा आणि कठड्यापलीकडे खाली बघू नये असं. तिसऱ्या वळणावर तर कठडाही नावापुरताच उरलेला. रोज सकाळी पावणेआठला सून याच रस्त्याने गाडी घेऊन खाली जायची. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला, आणि जाता जाता नातीला शाळेत सोडायची. नात सहा वर्षांची. घरात एका जागी ठरत नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणायचे. आठ वाजून पाच मिनिटांनी सुनेचा फोन यायचा, "पोचलो." तो येईपर्यंत आक्काच्या घशाखाली चहा उतरत नसे. हे तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. उलट फोन आला की म्हणायची, "पोचणारच! रस्ता काय पळून जातोय?"

गाडी जुनी, भिंगरीपेक्षा दुपटीने मोठी. महिन्यापासून ब्रेक दाबला की पुढून खर्र खर्र आवाज यायला लागला. मग स्टिअरिंग थरथरायला लागलं. एका संध्याकाळी सून दारात चप्पल काढता काढता नवऱ्याला म्हणाली, "आज तिसऱ्या वळणावर ब्रेक दाबला आणि माझे दात वाजले. आता हे काम पुढे ढकललंस तर मी चालत जाईन."

"सवयच नाही ना चालायची," आक्का आतून म्हणाली. "म्हणून गाडी घासून खाल्ली."

पण त्या रात्री तिला झोप नीट लागली नाही.

मुलगा लिफ्ट दुरुस्त करायचा. पंधरा-पंधरा मजल्यांच्या बिल्डिंगा, वर टांगलेला पाळणा आणि खाली माणसं उभी. त्यामुळे त्याचा एक हट्ट होता. ब्रेकला दुसऱ्याचा हात लागू द्यायचा नाही. ऑफिसातसुद्धा तो म्हणायचा, वायर कुणीही जोडा, रंग कुणीही द्या, ब्रेक मी बघणार. मग घरची गाडी तो गॅरेजला कशाला देतोय? रविवारी सकाळी त्याने ब्रेकच्या थाळीसारख्या दोन नव्या डिस्क आणि पॅडचा खोका अंगणात आणून ठेवला, गाडी कुंपणाच्या भिंतीला समांतर लावली, मागच्या चाकांना दगड लावले आणि जॅक फिरवायला बसला.

आक्का पायरीवर बसून बघत होती. दिवसभर बघत होती. त्याने चाक उतरवलं, आतला तो लोखंडी चिमटा, त्याला तो कॅलिपर म्हणत होता, सोडवला आणि तारेने वर टांगून ठेवला, त्याच्या नळीवर भार येऊ नये म्हणून. जुने पॅड हातात घेऊन तो नुसता बघतच राहिला. त्यांवरचा घासायचा मसाला पार संपला होता. मागची पत्र्याची पाठ डिस्कवर घासत होती. डिस्कच्या कडेला अशी धार आली होती की बोट कापावं.

"हे बघ आई. यावर या दोघी रोज खाली जात होत्या."

आक्का पायरीवरून उठली. तिने बोटाने ती धार चाचपली आणि बोट पटकन मागे घेतलं.

जुनी डिस्क गंजून जागीच धरली होती. हातोड्याचे पन्नास ठोके खाऊन निघाली. मग त्याने आतली बैठक तारेच्या ब्रशने चकचकीत केली, नवी डिस्क खोक्यातून काढली आणि कसलासा फवारा मारून, स्वच्छ कापडाने पुसून पुसून तिच्यावरचं तेल काढायला लागला.

आक्काला राहवेना. "अरे, नव्या लोखंडाचं तेल काढतोस?"

"कंपनीचं असतं ते. काढावंच लागतं." त्याच्या तोंडात नट धरलेला होता. एवढंच बोलून तो पुन्हा चाकात शिरला.

आक्काला ते पटलं. नव्या कापडाला कंपनीची खळ असते. ती धुऊन काढल्याशिवाय तिने आयुष्यात कधी कापडाला कात्री लावली नव्हती. दुकानाचं तेल हलकंच असणार. काढलं ते बरं केलं. आता पोरगा घरचं चांगलं तेल लावेल, असं तिला वाटलं आणि ती भाकरी करायला आत गेली. तेवढ्यात पॅड बसले, चाकं चढली. नंतर मुलाने गाडी चालू न करता ब्रेकचा पायटा दाबून दाबून कडक केला आणि सुनेला शेजारी बसवून टाकीपर्यंतच्या सरळ रस्त्यावर वीस चकरा मारल्या. हळू चालव, दाब, सोड. पुन्हा चालव, दाब, सोड.

सून उतरली तेव्हा हसत होती. "लोण्यासारखा ब्रेक झालाय! आई, बसणार का तुम्ही पुढे? उतारावरून फिरवून आणते."

"मला अजून जगायचंय," आक्का म्हणाली.

रात्री पाऊस भुरभुरला.

सोमवारी सकाळी साडेसहाला आक्का अंगण झाडायला बाहेर आली. झाडता झाडता गाडीपाशी थांबली. या गाडीच्या चाकांना रुंद आरे, त्यांतून आतली डिस्क दिसायची. काल आरशासारखी होती. आज तिच्यावर तांबूस गंज चढला होता, एका रात्रीत. आक्का वाकली, डोळे बारीक करून बघितलं. गंजच. हात फिरवला तर बोटाला लाल पूड.

लेकराने अख्खा रविवार मातीत लोळून काम केलं आणि तेल लावायचं विसरला. आता सून बघणार आणि म्हणणार, झालं, एका रात्रीत बारा वाजले तुझ्या नव्या डिस्कचे! तिची जीभ काही कमी नाही. आक्काच्याच हाताखाली तयार झालेली.

आक्का आत गेली आणि तेलाची डबी घेऊन आली.

लांब चोच आऱ्यांतून आत घातली आणि डिस्कवर गोल गोल तेल सोडलं. कडेवरून पलीकडच्या अंगालाही सोडलं. मग काठीला फडकं गुंडाळून आत घालून असं पुसलं की सगळा तांबूसपणा गेला आणि डिस्क ओली काळी चकाकायला लागली. काल चकरा मारून आल्यावर गाडी भिंतीला खेटून लावलेली. दुसऱ्या बाजूचं चाक भिंतीला टेकलेलं, तिथे तिचा हात शिरेना. ते संध्याकाळी करू, असं म्हणून तिने डबी जागेवर ठेवली, हात धुतले आणि कुणाला काही बोलली नाही. केलेल्या कामाचा गाजावाजा करणं तिच्या स्वभावात नव्हतं. काम दिसलं पाहिजे आणि समोरच्याने आपणहून विचारलं पाहिजे, हे केलं कुणी?

पावणेआठला सून निघाली. भिंगरी मागच्या सीटवर पट्ट्यात बसली आणि काचेतून हात हलवत राहिली. गाडी गल्लीतून हळू बाहेर पडली आणि वळली.

मुलगा चहाचा कप घेऊन पायरीवर येऊन बसला. त्याची ड्यूटी दहाची. एरवी तोंड पाडून बसायचा, आज खुशीत होता. आक्काने ठरवलं, आता थोडं टोचावं.

"तुझ्या त्या नव्या थाळ्या एका रात्रीत गंजल्या रे. मी बघितलं सकाळी."

तो हसला. "गंजणारच. पाणी लागलं की तासाभरात गंजतात. पहिला ब्रेक दाबला की घासून जातो तो. त्याला काही करायचं नसतं."

"काही करायचं नसतं?" आक्काचा आवाज जरा चढला. "लोखंड आहे ना ते? तेल नको लावायला?"

"तेल?" तो चहा पिता पिता थांबला आणि मग खो खो हसायला लागला. "अगं आई, सगळीकडे तेल लाव, तिथे सोडून! पॅड डिस्कला घासून धरतात, तेव्हा गाडी थांबते. तेल लागलं की धरणार काय? नुसतं निसटतं. काल मी तो फवारा कशाला मारत होतो मग? माझं बोट लागलं तरी परत पुसत होतो."

आक्काने हातातला कप खाली ठेवला. तो नीट ठेवला गेला नाही, थोडा चहा पायरीवर सांडला.

तिला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. मग वाटलं, नीटच ऐकलं.

"आणि समज," ती म्हणाली, "एकाच चाकाला लागलं तर? थोडंसं?"

"ते तर आणखी वाईट. एक चाक धरतं, दुसरं धरत नाही. दाबला ब्रेक की गाडी एका अंगाला ओढली जाते. सरळ रस्त्यावर हळू असशील तर कळणार पण नाही. उतारावर कळेल." त्याने चहाचा घोट घेतला. "कशाला विचारतेस?"

"असंच."

भिंतीला टेकलेलं चाक डोळ्यांसमोर आलं. धरणारं चाक ते. आणि आक्काने मनातल्या मनात गाडीचं तोंड उताराकडे फिरवलं. धरणारं चाक कुठल्या अंगाला येतं? तिने हाताने हवेत गाडी वळवून बघितली. कठड्याच्या अंगाला. दरीच्या.

आतल्या घड्याळात आठला दहा कमी होते. टाकी ओलांडली असेल. नसेल ओलांडली. रस्त्यात कुणी भेटलं असेल, भिंगरीची पाण्याची बाटली राहिली म्हणून परत फिरली असेल. राहिली असू दे. आज राहिली असू दे!

आता खरं सांगायचं तर त्याच क्षणी तिने ओरडायला हवं होतं. ती ओरडली नाही. एवढी मोठी बाई, जीभ टाळूला चिकटून बसली. चाळीस वर्षांत "माझं चुकलं" हे दोन शब्द तिच्या तोंडून निघाले नव्हते. कुणाचा ब्लाउज घट्ट झाला तर ती म्हणायची, तू सुटलीस, कापड नाही आटलं. आणि लोकांना ते पटायचंही. आताही तिचं मन त्याच वाटेने पळत होतं. थोडंसंच तर होतं. फडक्याने पुसलं की. सून शहाणी आहे, हळू चालवते. आता आठ-पाचला फोन येईल, पोचलो म्हणेल, आणि संध्याकाळी आपण गुपचूप...

पायरीवर सांडलेला चहा ओघळत खालच्या पायरीवर गेला. तेवढा वेळ ती गप्प बसली.

मग भिंगरीचा काचेमागचा हात दिसला.

"मी लावलंय," ती म्हणाली.

"काय?"

"तेल. सकाळी. इकडच्या चाकाला. डबीभर लावलंय रे."

मुलाचा चेहरा तिने जन्मापासून बघितला होता. तापात बघितला होता, बाप गेला तेव्हा बघितला होता. असा कधी बघितला नव्हता. कप कुठे गेला ते त्याला कळलं नाही. एका हाताने त्याने फोन लावला, दुसऱ्या हाताने मोटरसायकलची किल्ली काढली. फोन वाजत राहिला. वाजत राहिला. गाडी चालवताना सून फोन उचलायची नाही. तो नियम या घरात आक्कानेच घातला होता आणि सुनेने तो एकदाही मोडला नव्हता.

"तू घरी थांब," तो म्हणाला.

आक्का मागे बसली होती. अनवाणी.

टाकीपर्यंतचा रस्ता रिकामा. तिच्या डोळ्यांत वारा जात होता, पण डोळे मिटायची तिची हिंमत होईना. टाकी आली आणि रस्ता पायाखालून खाली गेला. आयुष्यभर तिने या उतारावर डोळे मिटून घेतले होते. आज ती कठड्याचा दगडन् दगड बघत होती. कुठे फुटलाय का? कुठे काच पडलीय का?

पहिलं वळण. काही नाही. एक कुत्रं रस्त्याच्या मधोमध बसलं होतं, ते उठलंसुद्धा नाही.

दुसऱ्या वळणाच्या अलीकडे माणसं दिसली. चार-पाच जण कठड्याला ओणवून खाली बघत होते. तिने मुलाच्या खांद्यात नखं रुतवली. तोही कडक झाला होता, लाकडासारखा. जवळ गेल्यावर कळलं, कुणाची तरी बकरी खाली उतरून अडकली होती आणि ते तिला हाका मारत होते. मुलाने गाडी थांबवली नाही. आक्काच्या तोंडून बकरीला अशी एक शिवी गेली की तिची तिलाच लाज वाटली.

मग जळकट वास आला. आधी वास, नंतर रस्त्यावर टायरचे काळे पट्टे. ते सरळ नव्हते. तिरके होत होत ते कठड्याकडे गेले होते, अगदी कठड्यापर्यंत. तिथे कठड्याचा वरचा दगड निखळून पडला होता आणि त्याची ताजी पांढरी जागा दिसत होती.

"नाही," मुलगा म्हणाला. एवढंच.

आक्काला पुढचं वळण दिसेना. डोळ्यांसमोर नुसता तो पांढरा डाग. तिच्या मनात फक्त एकच गोष्ट येत होती, खाली किती वेळ लागला असेल. खाली जायला किती वेळ लागला असेल आणि तेवढ्यात पोरीने हाक कुणाला मारली असेल.

पण पट्टे तिथे संपले नव्हते. कठड्यापासून ते परत रस्त्यावर आले होते, रस्ता ओलांडून पलीकडे, समोरून येणाऱ्या गाड्यांच्या बाजूला गेले होते. आणि तिथे, तिसऱ्या वळणाच्या पाच हात अलीकडे, गाडी उभी होती. टेकडीच्या कापलेल्या दगडाला कुशी लावून, एखादं जनावर अंग घासत उभं राहतं तशी. आरसा तुटलेला, दार सोललेलं, पुढच्या चाकातून धूर. तिच्यासमोर दोन हातांवर एक ट्रक थांबलेला.

सून रस्त्याच्या कडेला उभी होती. भिंगरी दप्तरावर बसली होती. तिचा ओठ फुटला होता आणि ती रडत नव्हती. ती एका जागी बसली होती, अजिबात हलत नव्हती. तेच बघून आक्का मोटरसायकलवरून उतरता उतरता थांबली.

मुलाने धावत जाऊन पोरीला उचललं. सून मात्र नवऱ्याजवळ गेली नाही. तिथूनच बोलली, आणि ओरडली नाही हेच जास्त वाईट होतं.

"ब्रेक दाबला की दरीकडे ओढत होती. जेवढा जोरात दाबला तेवढी जास्त. शेवटी पाय काढला, खालचा गिअर टाकला, हँडब्रेक ओढला आणि इकडे आणून घासली. हा ट्रक थांबला म्हणून." तिचा श्वास पुरेना. "काल तू म्हणालास, निर्धास्त जा. म्हणालास ना?"

मुलाने पोरीचा फुटलेला ओठ रुमालाने टिपला.

ट्रकवाला चाकांना दगड लावत होता. तो उठून म्हणाला, "कुठल्या मेकॅनिकने काम केलं हे? नाव सांगा त्याचं. असल्याचे हात तोडायला पाहिजेत."

"मी केलं," मुलगा म्हणाला. "माझी चूक."

आक्काने मान वर केली. तो तिच्याकडे बघत नव्हता. पोरीला छातीशी धरून जमिनीकडे बघत होता, आणि त्याने ते इतक्या सहज म्हटलं होतं की झालं, प्रकरण तिथेच मिटत होतं. डबी फळीवर होती. कुणी बघितलं नव्हतं. आक्काला फक्त गप्प बसायचं होतं.

"मग एक ऐक," सून म्हणाली. "यापुढे मी तुझ्या हाताखालून गेलेल्या गाडीत बसणार नाही. मुलीला बसवणार नाही. तू लिफ्टांवर काय करतोस, तिथेही असंच..."

"तोंड आवर!" आक्का म्हणाली. सवयीने आधी तेच निघालं. मग म्हणाली, "त्याचा हात नाही. माझा आहे. सकाळी गंज दिसला म्हणून मी चाकात तेल घातलं. त्याला माहीत नव्हतं. हात तोडायचे तर हे घ्या."

आणि तिने खरंच दोन्ही हात पुढे केले, त्या अनोळखी ट्रकवाल्यापुढे. तो बिचारा दोन पावलं मागे सरकला.

सून तिच्याकडे बघत राहिली. आक्का वाट बघत होती, आता ती बोलेल, बारा वर्षांचं सगळं बाहेर काढेल. सून बोलली नाही. ती हळूच रस्त्याच्या कडेला खाली बसली आणि तिने दोन्ही हातांनी गुडघे आवळून धरले. आक्का पुढे झाली. सून म्हणाली, "आत्ता नको, आई. जवळ येऊ नका आत्ता."

ते वाक्य कानात घेऊन आक्का तासभर उन्हात उभी होती.

मुलगा मोटरसायकलवरून खाली दुकानात जाऊन नवे पॅड आणि फवारा घेऊन आला. येताना भिंगरीला डॉक्टरकडे दाखवूनही आणलं, ओठाला टाका पडला नाही. त्याने ट्रकवाल्याच्या मदतीने गाडी दगडापासून सोडवली, तिथेच रस्त्यात जॅक लावला आणि पुढची दोन्ही चाकं उतरवली. कालचे नवे पॅड काळे, ओले, जळके झाले होते. ते त्याने पिशवीत टाकले. दोन्ही बाजूंचे टाकले. मग फवाऱ्याचा डबा आणि कोरं कापड त्याने आक्कापुढे धरलं.

"धू," तो म्हणाला.

एवढा एकच शब्द. पण आईला असा एका शब्दात हुकूम त्याने कधी केला नव्हता.

आक्का रस्त्यावर बसली आणि तिने डिस्क धुतली. मारला फवारा, पुसलं. पुन्हा मारला, पुन्हा पुसलं. बाहेरून, आतून, कडेने, बैठकीपाशी, चिमट्याच्या बेचक्यांतून. कापड पांढरं निघालं तरी ती थांबेना. पाचवं कापड झालं तेव्हा मुलगा म्हणाला, "बास झालं." तिने आणखी एकदा पुसलं. आणि मग बोट लागेल म्हणून दोन्ही हात मागे बांधून उभी राहिली.

नवे पॅड बसले, चाकं चढली, पायटा कडक झाला. आता गाडी चालवून बघायची होती. मुलाने किल्लीसाठी हात पुढे केला. सून उठली. "मी बघते. रोज मीच बसणार आहे." ती आत बसली, आणि शेजारचं दार उघडून आक्का आत येऊन बसली.

"तुम्ही कशाला?"

"मी धुतलंय," आक्का म्हणाली. तिने पट्टा लावायचा प्रयत्न केला, तो लागेना. सुनेने वाकून लावून दिला.

तिसरं वळण समोर होतं. पुढे बसल्यावर ते एवढं जवळ आणि एवढं उघडं दिसतं हे आक्काला माहीत नव्हतं. तिच्या बाजूच्या खिडकीत रस्ता नव्हताच, नुसती हवा होती. बारा वर्षं ही पोरगी रोज हे बघतेय, तिच्या मनात आलं, आणि मी म्हणते रस्ता काय पळून जातोय. तिने डोळे मिटून घेतले.

"डोळे उघडे ठेवा, आई," सून म्हणाली. "दाबतेय मी आता."

गाडी थांबली. सरळ थांबली. इकडे नाही, तिकडे नाही. आक्काच्या घामेजल्या हातांचे पंजे समोरच्या फळीवर उमटले होते.

"पुन्हा दाब," ती म्हणाली.

सुनेने खालपर्यंत अकरा वेळा दाबला.

पण गोष्ट तिथे संपली असती तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगरी गाडीत बसेना. दाराला दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. बापाने समजावलं, चॉकलेट दाखवलं. आईने दोन शब्द सुनावले. पोरगी पांढरी पडली, पण हलली नाही. शेवटी बारीक आवाजात म्हणाली, "आज्जी बसली तर बसते."

सगळ्यांनी आक्काकडे बघितलं. आक्काने सुनेकडे बघितलं. सुनेने पुढचं दार उघडून धरलं, आणि तिच्या तोंडावर हसू होतं की काय होतं ते आक्काला नीट कळलं नाही.

तेव्हापासून रोज पावणेआठला आक्का पुढच्या सीटवर बसते. टाकी आली की तिच्या तळहातांना घाम फुटतो, तो तीन वळणं सरेपर्यंत वाळत नाही. शाळेपाशी भिंगरी उतरते, सून लॅबकडे वळते, आणि आक्का तो सगळा उतार चढत चालत घरी येते. धापा टाकत, दगडाच्या कडेकडेने, शिव्या देत. मुलगा म्हणतो, पोरगी आता सावरली, तुझ्याशिवाय जाईल, तू राहू दे. आक्का म्हणते, पोरीला हे सांगू नकोस, मी बसते तोवर बसते.